शालनच्या नावाची मदत

"वाच," मी म्हणालो. माझे दोन्ही हात वार्निशनं चिकट झाले होते आणि धनू मोबाइल माझ्या नाकासमोर धरून उभी होती.

"मनीषा तुकाराम दबडे," तिनं वाचलं.

"ही कोण?"

"जिला मिळालं ती."

"आणि तू?"

"मी नाही, पप्पा. मला फीत नुसती दहा टक्के सूट. ते तर सगळ्यांनाच देतात."

मी जळालेल्या मोटारी पुन्हा भरून देतो, रिवायंडिंग म्हणतात ते. तालुक्याच्या गावात, स्टँडच्या मागं माझं दुकान आहे. त्या दिवशी समोर विहिरीवरची एक मोटार उघडी पडली होती आणि तिचा मालक बाकड्यावर बसून घाई करत होता. त्याला म्हणालो, उद्या या. तो म्हणाला, "अहो, ऊस वाळायला लागलाय." मी म्हणालो, "वाळू दे." गिऱ्हाइकाला असं मी तोवर कधी बोललो नव्हतो. तो माणूस माझ्याकडं बघत बघत उठून गेला.

"नीट बघ," मी धनूला म्हणालो. "खाली असेल नाव."

"खाली काही नाही. एकाच मुलीला असते ती."

ते मलाही माहीत होतं. कारण ती मदत माझ्या बायकोच्या नावाची होती.

शालन अंगणवाडीत सेविका होती. काविळीचं निमित्त होऊन गेली. गेल्यावर काही महिन्यांनी तिच्या विम्याचे लाख रुपये आले. तोवर वर्षश्राद्ध आलं. गावजेवण घालायचं की नाही, घालायचं तर किती पानं, गोड काय, यावर आमच्या ओसरीत रोज बैठक बसायची. त्यातच एके दिवशी शहरातल्या शिक्षणसंस्थेचे सचिव चौगुलेसाहेब आले. शालनच्या अंगणवाडीला त्यांनी एकदा खेळणी दिली होती, तेवढी ओळख. ते म्हणाले, "खराडे, जेवण लोक दुसऱ्या दिवशी विसरतात. बाईंच्या नावानं काहीतरी टिकणारं करा. लाख रुपये तुम्ही ठेवा, वरची भर संस्था घालते. दरवर्षी आई नसलेली एक नवी मुलगी घेऊ आणि तिची निम्मी फी त्यातून भरू. आर्किटेक्टचं शिकेपर्यंत पूर्ण पाच वर्षं."

सगळ्यांना पटलं. शाल-श्रीफळ झालं, पेपरात फोटो आला. कॉलेजच्या दारात संगमरवरी पाटी लागली: कै. सौ. शालन श्रीरंग खराडे साहाय्य निधी.

पुढच्या वर्षी धनू बारावी झाली. तिला आर्किटेक्टच व्हायचं होतं. हे खूळ तिच्या डोक्यात आठवीपासून होतं, संस्थेमुळं नव्हे. सरकारी यादीतून तिला विदर्भात कुठंतरी जागा लागत होती. एकट्या पोरीला तिकडं पाठवायचं माझ्या जिवावर आलं. चौगुलेसाहेबांच्या कॉलेजात संस्थेच्या कोट्यातून जागा मिळाली, पण त्या जागेला सरकारी सवलत नव्हती. फी पूर्ण.

पुण्याच्या दोन खासगी विद्यापीठांनीही तिला घेतलं होतं. एकानं स्कॉलरशिप म्हणून पहिल्या वर्षापुरती थोडी सूट दिली आणि होस्टेल आमचंच घ्यायचं अशी अट घातली. होस्टेलची फी ऐकून माझा मेहुणा आनंदा म्हणाला, "एवढ्यात आमच्याकडं म्हशींसकट गोठा येतो." दुसऱ्याकडून एका मॅडमचा रोज फोन यायचा.

"सर, तुम्ही आधी सीट ब्लॉक करा, मग स्कॉलरशिपचं बघू."

"ब्लॉक म्हणजे?"

"पन्नास हजार भरायचे."

"आणि स्कॉलरशिप नाही मिळाली तर?"

"तर सर, ते रिफंड होत नाहीत."

"म्हणजे माझेच पैसे अडकवून मला मदत करणार?"

"सर, तुमची मुलगी खूप ब्रिलियंट आहे," असं म्हणून त्या मॅडमनं फोन ठेवला.

आम्ही दोन्हीकडच्या तारखा जाऊ दिल्या. कारण आम्हाला घरचं होतं. अर्ज द्यायला गेलो तेव्हा कॉलेजातला क्लार्कसुद्धा पाटीकडं बोट दाखवून म्हणाला होता, "तुमचंच आहे की हो. तुम्हाला नाही मिळायचं तर कुणाला?"

आणि आता मनीषा तुकाराम दबडे.

आनंदाला धनूनंच फोन केला होता. आनंदा म्हणजे शालनचा धाकटा भाऊ. त्याचा दूध गोळा करायचा टेम्पो आहे. सकाळची फेरी टाकून तो कॅनसकट दुकानासमोर येऊन थांबला.

"काय दाजी, बसलाय होय तारा गुंडाळत? बसा गाडीत. चौगुल्याला विचारू, तुझ्या आईचे पैसे होते का म्हणून."

"मामा, शिव्या द्यायच्या नाहीत," धनू म्हणाली.

"शिवी कुठं दिली? अजून दिली न्हाई. तिथं गेल्यावर देणार."

दुकानाचं शटर ओढून आम्ही तिघं पुढं बसलो. धनू मध्ये. मांडीवर तिची फाइल, त्यात सगळे दाखले. रस्ताभर आनंदा बोलत होता. मागं रिकामे कॅन खडखडत होते, त्यामुळं तो ओरडूनच बोलत होता.

"आमच्या बहिणीच्या पैशावर आमच्याच भाचीला उपाशी ठेवतात! लोक देवळाला पैसा देतात तर निदान प्रसाद तरी मिळतो."

"मामा, माझं नाव कशामुळं गेलं ते आधी विचारू," धनू म्हणाली. "माझे मार्क त्या मुलीपेक्षा जास्त आहेत. मी बघितलं."

"ऐकलंत दाजी? मार्क पण जास्त हाईत."

माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. हे असले कागद, ऑफिसं, साहेब लोक, हे सगळं शालन बघायची. मला साहेबाच्या टेबलासमोर उभं राहिलं की हात कुठं ठेवायचे ते कळत नाही.

चौगुलेसाहेबांनी आम्हाला अजिबात ताटकळत ठेवलं नाही. खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. "मला वाटलंच तुम्ही याल," म्हणाले.

"वाटलं तर मग फोन का केला नाही?" आनंदा म्हणाला.

"आनंदराव, चहा घ्या."

"चहा आम्ही घरात पितो. भाचीचं नाव का न्हाई ते सांगा. तिला आई न्हाई. बरोबर? मार्क हाईत. बरोबर? बाप काय कारखानदार न्हाई, बघा त्याचे हात. मग राहिलं काय?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी उत्तर दिलं ते आनंदाला नाही, मला.

"खराडे, तुमच्या मुलीला ही मदत देता येत नाही. देणगीदाराच्या घरातल्या कुणालाच देता येत नाही. तशी अट आहे."

"ही कुठली अट!" आनंदा खुर्चीत पुढं सरकला. "कुणी काढली? ज्यानं काढली त्याला आणा समोर. ज्याची आई गेलीय, ज्याच्या घरचा पैसा हाय, त्यालाच न्हाई? असली अट काढणारा माणूस हाय का जनावर?"

साहेबांनी टेबलावरचा चष्मा उगाच सरकवला. त्यांना ते सांगायचं नसावं असं मला वाटलं.

"आनंदराव," ते म्हणाले, "अट तुम्ही घातलीत."

"मी?"

"खराड्यांच्या ओसरीत. सगळे बसले होते. मी विचारलं, मदत कुणाला द्यायची, काही इच्छा आहे का? तुम्ही उठून उभे राहिलात."

"मी कशाला उभा ऱ्हाईन?"

"उभा राहिला होतास, मामा," धनू म्हणाली. ती टेबलाच्या कडेकडं बघत होती. "मी चहा घेऊन आले होते तेव्हा. तू म्हणालास, आमच्या घरातलं कुणी यात येता कामा नये. आम्ही आमच्यासाठी नाही देत."

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या," साहेब म्हणाले. "मलाही बरं वाटलं. असं कोण म्हणतं हो आजकाल? मी ते जसंच्या तसं ठरावात घेतलं."

आनंदा मागं टेकला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं चहाचा कप उचलला आणि एका घोटात संपवला.

मलाही ते आठवलं. आनंदा उभा होता, त्याचा आवाज भरून आला होता. म्हातारी माणसं माना डोलवत होती. आपल्याकडं दान असं करतात, देणाऱ्यानं पुन्हा त्याला हात लावायचा नाही. मला त्या दिवशी ते चांगलंच वाटलं होतं.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"अट काढता येते. तुम्ही देणगीदार, तुम्ही अर्ज द्या. अट रद्द करावी म्हणून. साक्षीला आनंदराव आहेतच. मी विश्वस्तांपुढं ठेवतो. पण…" त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "यंदाच हवं असेल तर त्या दुसऱ्या मुलीला थांबवावं लागेल. नाव जाहीर झालंय, पैसे अजून वर्ग केलेले नाहीत."

"थांबवा," आनंदा म्हणाला.

"ती आज आलीय. बाहेर व्हरांड्यात बसलीय, कागद द्यायला. मी तिला आज काही सांगत नाही. तुम्ही ठरवा, अर्ज लिहून आणा."

मी धनूकडं पाहिलं. ती उठली होती. "मी बाहेर थांबते," एवढंच म्हणाली.

अर्ज लिहायला आम्ही कँटीनमध्ये जाऊन बसलो. काउंटरवरच्या माणसाकडून आनंदानं कोरा कागद मागून आणला. वर तारीख घातली आणि माझं पेन थांबलं. सकाळपासूनचं सगळं आता वर आलं.

"आनंदा, तुला कुणी सांगितलं होतं उभं राहायला?"

तो टेबलावरचं पाणी बोटानं पुसत बसला.

"बोल की. गाडीत एवढा बोलत होतास."

"दाजी, तुमच्या कानावर न्हाई आलं. आमच्या गावात आलं होतं."

"काय?"

"जाऊ द्या."

"आनंदा."

"म्हणत होते," तो खालच्या आवाजात म्हणाला, "शालन गेली आणि खराड्याला लॉटरी लागली. आता पोरीला शिकवंल, न्हाईतर दुसरी करंल. आमच्या चुलत्यानं पारावर बसून असं म्हटलं. मी त्याच्या अंगावर गेलो, लोकांनी धरलं मला. मग चौगुले आले आणि लाख द्यायचं ठरलं, तर तोच चुलता काय म्हणाला? म्हणाला, देतोय कुठं, फिरवून पोरीलाच घेतोय. म्हणून मी सगळ्यांदेखत बोललो. पुन्हा तुमच्याबद्दल कुणी तोंड उघडू नये म्हणून."

"आणि धनूचं काय होईल हे नाही सुचलं?"

"तेव्हा नाही सुचलं. तुमच्या नावाचं सुचलं."

"मला विचारायचं तरी."

"तुम्ही मान हलवलीत की दाजी! मी तुमच्याकडं बघून बोललो. तुम्ही मान हलवली."

"त्या वर्षात मी सगळ्यालाच मान हलवत होतो," मी म्हणालो.

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायला जागाच राहिली नव्हती. चौगुलेसाहेबावर ओरडावं, तर तो आम्हीच सांगितलेलं करत होता. आनंदावर ओरडावं, तर तो माझ्यासाठी भांडून आला होता. चुलत्याचा राग काढायला त्याच्या गावाला कोण जाणार? पुण्याच्या त्या मॅडमचा फोनही आता लागत नव्हता. आम्ही सगळे चांगलंच वागलो होतो आणि पोरीच्या हातात दहा टक्के आले होते.

मी अर्ज लिहिला. देणगीदाराच्या कुटुंबातील व्यक्ती अपात्र ही अट माझ्या विनंतीवरून रद्द करावी आणि चालू वर्षापासून माझ्या मुलीचा विचार व्हावा. अक्षर माझं वाकडंतिकडं, पण दोनच ओळी होत्या. आनंदानं साक्षीदार म्हणून खाली सही केली. त्याला ती करताना फार वेळ लागला. माझी सही साहेबांसमोर करायची होती.

व्हरांड्यात धनू एका मुलीशेजारी बाकावर बसली होती. सावळी, शिडशिडीत पोरगी, जुन्या पण इस्त्री केलेल्या कपड्यांत. तिच्या पलीकडं एक बाई, मावशी असावी, डबा मांडीवर घेऊन बसली होती. धनू त्या मुलीचे कागद चाळत होती.

"उत्पन्नाचा दाखला जुना आहे तुझा. ह्या वर्षीचा लागतो. तलाठ्याकडं पुन्हा जावं लागेल."

"तो भेटतच नाही गं. तीन खेपा झाल्या."

"त्याला दुपारी गाठायचं, जेवून आला की. सकाळी नाही सापडत."

"धनू," मी हाक मारली. "चल."

ती माझ्यापाशी आली. माझ्या हातातला कागद तिनं पाहिला, पण घेतला नाही.

"लिहिलात?"

"लिहिला. साहेबांकडं देऊ आणि जाऊ."

"नका देऊ, पप्पा."

"का?"

"ती जतच्या पुढून आलीय. पहाटे निघालेत ते लोक. तिचे वडील विहिरीच्या कामावर पडले, घरी असतात. तिला यादी लागल्यापासून सगळे पेढे देताहेत. मी कसं घेऊ?"

"तुझं तू घ्यायचंस. दुसऱ्याचं नाही."

"मम्मीच्या नावाचं आहे ते. मला तर ते असं घेताच येणार नाही."

"मम्मीच्या नावाचं तू नाही घ्यायचंस तर कोण घेणार?" माझा आवाज चढला. व्हरांड्यातली दोन-चार पोरं वळून बघायला लागली. "ती सकाळी अंगणवाडीत आणि रात्री स्वयंपाकघरात राबली. कशासाठी? जतच्या पोरीसाठी?"

"हळू बोला. तिला ऐकू जातंय. तिला आई नाही, पप्पा."

"तुला आहे का?" मी म्हणालो.

बाकावरच्या त्या मुलीनं मान खाली घातली. तिची मावशी उठून उभी राहिली, डबा हातात तसाच. तिला सगळा प्रकार कळला नसेल, पण काहीतरी कळलं होतं.

धनूनं माझ्याकडं बघितलं. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. ती जिना उतरून खाली गेली आणि टेम्पोत जाऊन बसली.

"दाजी," आनंदा मागून म्हणाला, "करा सही. आता करा. पोरगी दोन दिवस रुसंल आणि पाच वर्षांनी आर्किटेक्ट होईल. करा."

मी आत गेलो आणि सही केली. साहेबांनी कागद वाचला, घडी घालून फायलीत ठेवला. "बैठक झाली की कळवतो," म्हणाले. मी विचारलं, "कधी होईल?" ते म्हणाले, "लवकरच."

बाहेर आलो तेव्हा ती मावशी दारातच उभी होती. मला म्हणाली, "भाऊ, काय आमचं चुकलं का?"

मी म्हणालो, "नाही, बाई. तुमचं काही चुकलं नाही."

"मग पैसे मिळतील न्हवं पोरीला?"

मी "साहेबांना विचारा" म्हणालो आणि खाली उतरलो.

घरी आल्यावर धनूनं भात लावला. मला वाढलं, आनंदाला वाढलं. आनंदा म्हणाला, "धनू, मामाला शिव्या दे, पण बोल." ती म्हणाली, "आमटी वाढू का?"

बैठक लवकर झाली नाही. एक विश्वस्त आजारी होते, मग दुसरे अमेरिकेला मुलाकडं गेले. मी दुकान सोडून तिथं खेपा घातल्या. साहेब दर वेळी चहा द्यायचे. "अर्ज पुढं आहे," म्हणायचे. फी भरायची शेवटची तारीख आली. मी सोसायटीत कर्ज विचारलं, आनंदानं टेम्पो विकायची भाषा केली. एका वर्षाचे पैसे कसेबसे उभे राहिले असते. धनूनं विचारलं, "आणि पुढची चार वर्षं?" तारीख गेली. अट होती तशीच असल्यामुळं शालनच्या नावाचे पैसे मनीषा दबडेच्या नावावर वर्ग झाले. म्हणजे मी व्हरांड्यात त्या पोरीदेखत ते बोललो, धनूचं मन मोडलं, सही केली, आणि हातात काही आलं नाही. न मागताच गप्प बसलो असतो तरी एवढंच झालं असतं.

पुढच्या जानेवारीत संस्थेच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. प्रथेप्रमाणे चेक देणगीदाराच्या हातून द्यायचा असतो. मी गेलो. धनू आली नाही. स्टेजवर मनीषानं चेक घेतला आणि माझ्या पाया पडली. मला ओळखलं तिनं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "दाखला मिळाला का मग?" असं विचारलं. ती म्हणाली, "हो. तुमच्या धनश्रीनं सांगितलं तसंच, दुपारी सापडले तलाठी."

धनूनं आमच्या तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी केलं. नंतर संगणकावर नकाशे काढायचा कोर्स केला. आता सांगलीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती दुसऱ्यांचे नकाशे काढते. खाली सही त्या साहेबांची असते. पगार बरा आहे. तिचं लग्न झालं, नवरा चांगला आहे. आनंदाशी ती बोलते, माझ्याशीही बोलते. त्या दिवशी मी जे विचारलं त्यावर मात्र आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. चुकूनही विषय निघाला तर ती उठून काहीतरी आणायला आत जाते.

त्यानंतर दरवर्षी एक मुलगी शालनच्या नावानं शिकायला लागते. मी जातो, चेक देतो, नारळ घेऊन परत येतो. शिरोळची एक होती, आटपाडीची एक. नावं राहत नाहीत लक्षात. पेपरात फोटो येतो, त्यात मी नेहमी भलतीकडंच बघत असतो.

चौगुलेसाहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी तरुण माणूस आलाय, तो जुन्या फायली निकाली काढतोय. गेल्या महिन्यात त्याचा मला फोन आला.

"खराडेकाका, तुमचा एक अर्ज दिसतोय इथं. अट रद्द करण्याबद्दल. तो कधी बैठकीपुढं आलाच नाही. तुमच्या मुलीचं शिक्षण झालं असेल ना आता?"

"झालं."

"मग दोन ओळी पाठवा, अर्ज मागे घेतो म्हणून. मी फाइल बंद करतो."

"बघतो," मी म्हणालो.

रविवारी धनू आली होती. तिला सांगितलं. ती तिच्या लेकीला भरवत होती. म्हणाली, "घ्या की काढून, पप्पा. आता काय करायचंय त्याचं?" मी म्हणालो, हो, घेतो. कोरा कागद घरात आहे, पेन आहे. त्या माणसाचा पुन्हा एकदा फोन येऊन गेला.

अर्ज मी अजून मागे घेतलेला नाही.